वारं डिझेल पितं व्हय?

बदनापूरच्या बाजारात मल्हारीला आडनावानं कुणी ओळखत नसे. ‘मल्हारी काटा’ म्हटलं की शेंबडं पोरगंही त्याच्या दुकानापर्यंत आणून सोडायचं. घडी केलेलं घोंगडं डाव्या तळहातावर घ्यायचं, डोळे मिटून दोनदा वर-खाली करायचं आणि सांगून टाकायचं, “दोन किलो तीन पाव.” लोक पैजा लावायचे, वाण्याच्या बटनाच्या काट्यावर घोंगडं टाकून बघायचे आणि हरायचे. त्याच्या बापानं पिंपळगाव रेणुकाईकडच्या माळांवर मेंढरं राखली. कोकरू नुसतं बगलेत धरलं की ते किती भरेल हे तो सांगायचा. पुढं मेंढरं गेली, माळही गेले, पण बापाचा हात तेवढा मल्हारीकडं उतरला.

त्या हातानं त्याला मान दिला. दोघा भावांत ज्वारीची वाटणी असो नाहीतर कुणाच्या सोयरिकीतली कुरबुर, लोक म्हणायचे, “काट्याला इचारा. तो तोलून बोलतो.” साठी जवळ येईस्तोवर त्याचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता. म्हणून तर एका सकाळी त्याच्या तोंडून जे गेलं ते फार महाग पडलं. आणि त्याला नाही, दुसऱ्याला पडलं.

तो दुसरा म्हणजे बदरोद्दीन. मल्हारीचा ड्रायव्हर. सहा वर्षांमागं मल्हारीनं डिझेलचा पिकअप घेतला तेव्हा त्याला स्वतःला धड गिअर टाकता येत नव्हता. बदरोद्दीन गल्लीतलाच, ट्रकवर केस पांढरे केलेला, बोलायला कमी. या जत्रेतून त्या जत्रेत घोंगडी विकत फिरायचं, तर असाच माणूस पाहिजे म्हणून मल्हारीनं त्याच्या हाती किल्ली दिली. मल्हारीची बायको जयवंताबाई मधे बसायची, मल्हारी खिडकीला. डॅशबोर्डच्या खणात भंडाऱ्याची पिशवी आणि तिला लागूनच बदरोद्दीनची जाळीची टोपी. सहा वर्षं दोन्ही एका खणात राहिली, एकीचा पिवळा रंग दुसरीला जरा जरा लागत.

गेल्या दिवाळीत मल्हारीनं गाडीमागं ओढायचा डबा करून घेतला. जालन्याच्या एका वेल्डिंगवाल्यानं दोन चाकांवर अँगल उभे केले, चहूबाजूंनी पत्रा मारला, आत दोन फळ्यांचे पलंग, गॅसची शेगडी आणि कोपऱ्यात पत्र्याआड न्हाणी. ती न्हाणी जयवंताबाईचा हट्ट. तीस वर्षं ती जत्रेत दोन लुगडी आडवी बांधून अंघोळ करत आली होती. “आन् उंची धरा जराशी,” ती म्हणाली होती. “वाकून वाकून कंबर गेली माझी. मला माझ्या घरात ताठ हुभं राह्यचंय.” म्हणून डबा उंच झाला. त्यावर एक फूट आणखी मल्हारीनं वाढवला, घोंगडी टांगून ठेवता यावीत म्हणून. आणि सगळ्यावर ताण म्हणजे डब्याच्या पुढच्या कडेला, टपावर, आडवा लांबलचक पत्र्याचा बोर्ड: ‘मल्हारी घोंगडी भांडार’. अक्षरं हातभर. अर्धा कोस लांबून दिसायची.

बोर्ड चढला त्या दिवशी बदरोद्दीन खालून वर बघत राहिला. मग म्हणाला, “दादा, जत्रेत लाव. चालतांना उतरवून ठिवत जाऊ.”

“कामून? नजर लागंल का?”

“वारं लागंल.”

मल्हारी हसला होता.

दिवाळीनंतर टाकी जल्दी रिकामी व्हायला लागली. मल्हारीनं दोन खेपा पाहिलं, मनात ठेवलं. तिसऱ्या खेपेला निघताना पंपावर टाकी तोंडोतोंड भरून घेतली, मीटरचा आकडा हातावर लिहिला आणि परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा तोंडोतोंड भरायला लावली. दोनशे सत्तर किलोमीटर झाले होते. नळीवाला म्हणाला, “तीस लिटर, काका.”

सकाळची नऊची वेळ. पंपाला लागून भुजंगची चहाची टपरी, तिथं आठ-दहा जण बसलेले. त्यांत चार ट्रकांचा मालक अप्पाराव. मल्हारी गाडीतून उतरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

“बदरू, चौदाचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी नवावर कशी आली रे?”

“मागं डबा हाय ना, दादा.”

“डब्यात काय हाय? घोंगडी! म्या सोता हातानं तोलून भरलेत. डबा बी पोकळ पत्र्याचा, चार माणसं ढकलतेत त्याला. वजन कुठंय?”

“वजनाचं न्हाई, वाऱ्याचं हाय. येवढी मोठी पेटी, वरून तुझा बोर्ड. वारं मागं रेटून राह्यलं. मी दिवाळीपासून सांगून राह्यलो तुला.”

“वारं डिझेल पितं व्हय?”

टपरीवर हशा पिकला. त्या हशानं मल्हारीला चढली. आयुष्यभर लोकांनी त्याच्या तोलण्यावर माना डोलावल्या होत्या आणि इथं त्याचाच ड्रायव्हर त्याला, ज्याला वजनच नाही त्या वाऱ्याचं वजन सांगत होता.

“अकरा लिटरचा फरक हाय. माणसानं डिझेल मारावं, पण हात राखून मारावं.”

बदरोद्दीनचा चेहरा उतरला. ड्रायव्हर माणसाला आईवरून शिवी द्या, तो एखाद्या वेळेस हसून सोडील. डिझेल मारलं म्हणा, त्याचा सगळा जन्म गेला. तो एवढंच म्हणाला, “दादा, मी मारलं न्हाई.”

मल्हारीनं खणातून भंडाऱ्याची पिशवी काढली आणि बॉनेटवर ठेवली. “मंग उचल भंडारा.”

भंडारा उचलून खोटं बोलायचं नाही, हे मल्हारीच्या घरात बाळाला बोलायच्या आधी कळतं. बदरोद्दीननं पिशवीकडं पाहिलं, मग मल्हारीकडं. कुणाला वाटलं, तो आता भडकेल. त्यानं बाही वर केली, पिशवीची नाडी सोडली, मूठभर भंडारा उजव्या हातात घेतला आणि हात छातीपाशी धरला.

“एक थेंब मारला आसंल तर ह्यो हात झडू दे.”

इथंच थांबायचं होतं. मल्हारीला पुढं कितीदा तरी वाटलं, इथं आपली जीभ लुळी पडायला पाहिजे होती. पण लोक पाहत होते.

“तुला काय लागतंय उचलायला!” तो म्हणाला. “भंडारा काय तुझ्या देवाचा थोडाच हाय!”

या वेळेला टपरीवर कुणी हसलं नाही. बदरोद्दीननं मूठ पिशवीच्या तोंडाशी नेली आणि भंडारा परत आत सोडला. एकदम नाही, हळूहळू, बोटांच्या बेचक्या झटकत, एक कणही जमिनीवर पडू न देता. नाडी बांधली. पिशवी खणात ठेवली, टोपी काढून घेतली. किल्ली बॉनेटवर ठेवून तो हातगाड्यांमधून वाट काढत निघून गेला.

जयवंताबाई गाडीतच बसून होती. टपरीवरल्या एकानं गाडी घरापर्यंत आणून दिली. दारात उतरताना म्हणाली, “त्यो बरा, एक कण बी सांडला न्हाई त्यानं. तुमी समदंच सांडलं.”

त्या महिन्यात बदरोद्दीनला गाडी मिळाली नाही. अप्पारावकडं एक ट्रक ड्रायव्हरवाचून उभा होता, आणि बदरोद्दीन दोनदा त्याच्या दारात जाऊन आला. अप्पारावनं चहा पाजला, ट्रक दिला नाही. मग एकदा रस्त्यात मल्हारी भेटला तर अप्पाराव म्हणाला, “तुमच्या शब्दावर सोडला त्याला. दुसरं कुणी बोललं अस्तं तर चौकशी केली अस्ती. पण काटा बोलला म्हणजे तोलूनच बोलला आसंल.”

आणि मल्हारीला हे ऐकून बरं वाटलं. ही गोष्ट त्यानं नंतर कुणालाच सांगितली नाही, जयवंताबाईलाही नाही. बरं वाटलं होतं. त्या दिवशी तो घरी जाऊन दोन भाकरी जास्त जेवला होता.

जत्रा थांबत नाहीत. गल्लीतल्या एकाकडून मल्हारीनं महिनाभर गाडी शिकून घेतली, परवाना हातात आला आणि तो स्वतः चक्राला बसला. गेल्या खेपेचीच वाट, तेवढेच मुक्काम. बदरोद्दीन पंचेचाळीस-पन्नासच्या वर जात नसे, आणि मल्हारी त्याला ‘बैलगाडी हाकून राह्यला का’ म्हणून टोचायचा. आता त्यानं मोकळ्या रस्त्याला सत्तरवर काटा नेला. मागून डबा हेलकावे द्यायचा, समोरून वारं आलं की गाडी छातीवर कुणी हात ठेवल्यासारखी दबायची, मग तो आणखी रेटायचा. अंबडच्या रस्त्यानं तर एका चढावर तिसऱ्यातून वर गिअर पडेचना. मल्हारीला वाटलं, नवा हात आहे, होईल सवय.

परत येऊन त्यानं त्याच पंपावर टाकी भरायला लावली. मीटरवर दोनशे सत्तर. नळीवाला भरतच राहिला. तीस झाले, तरी नळी चालूच. मल्हारी खिडकीतून आकडे पाहत होता. बत्तीस. चौतीस. शेवटी खटका पडला.

“छत्तीस, काका.”

जयवंताबाईला शाळा नव्हती, पण तीस मोठे की छत्तीस हे तिला कळत होतं. तिनं पदर सारखा केला, समोर काचेतून बघतच म्हणाली,

“मंग आता तुमी किती मारलं?”

मल्हारीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ज्याला चोर म्हटलं त्यानं आपल्यापेक्षा सहा लिटर वाचवून दिले होते. दर खेपेला दिले असतील. न बोलता. वर आपली ‘बैलगाडी’ ऐकून घेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शिडी लावून डब्यावर चढला. बोर्डाचे नट सोडताना वारं सुटलं होतं. शेवटचा नट निघाला तसा बोर्ड त्याच्या हातात फडफडला आणि त्याला टपावर दोन पावलं मागं घेऊन गेला. पडायचाच. खाली बसून त्यानं तो मांडीखाली दाबून धरला, आणि तिथंच त्याला बाप आठवला. सात-आठ वर्षांचा असताना त्यानं माळावर वाऱ्यात घोंगडं दोन्ही हातांनी पसरून धरलं होतं, उडायला मजा वाटते म्हणून. बापानं पाठीत धपाटा घातला होता. “आंगाला आवळून घे. वाऱ्याम्होरं घोंगडं पसरून चालतो त्यो येडा. दमून मरशील.” हे त्याला बदरोद्दीननं शिकवायची गरज नव्हती. हे तो चालायला लागल्यापासून जाणत होता. आणि तरी त्यानं आपलं नाव हातभर अक्षरांत लिहून वाऱ्यासमोर पसरलं होतं.

शुक्रवारी दुपारी तो बदरोद्दीनच्या घरी गेला. दारात रजिया, बदरोद्दीनची बायको, लसूण निवडत बसली होती. एरवी ‘आओ भैय्या’ म्हणून बसायला मोडा पुढं करणारी रजिया लसणावरून मान वर करीना.

“बदरू हाय का, भाभी?”

“हैं. मोंढे में बोरे उठाको आए, पीठ सेंकको बैठे.” मग हातातला लसूण खाली टाकून ती म्हणाली, “उनके हाथ का पीला तीन दिन नै गया था, भैय्या. मैं बोली साबन लगाव. बोले, रैने दे, झूटा नै है वो.”

मल्हारी तिथंच उंबऱ्याशी उभा राहिला. आतून बदरोद्दीन बनियनवर बाहेर आला. जन्मभर चक्र धरलेला माणूस पोती उचलून एका बाजूला कलला होता.

“बदरू, माझं चुकलं. म्या सोता चालवून पाह्यली. साडेसाताचं पडलं. तू बराबर व्हतास.”

बदरोद्दीननं ऐकून घेतलं. “बोर्ड उतरवला?”

“उतरवला.”

“चांगलं केलं.”

“मंग येतो का परत गाडीवर?”

“दादा,” बदरोद्दीन म्हणाला, “घरात मला कुणी चोर म्हणत न्हाई. इथं येऊन कामून सांगून राह्यला? जिथं बोलला तिथं बोल.”

रजियानं चहा टाकला नाही. मल्हारीला तेच बरोबर वाटलं.

शनिवारी सकाळी नऊला तो भुजंगच्या टपरीवर गेला. तीच माणसं होती, निदान तशीच. अप्पारावही होता. रात्रभर मल्हारीनं वाक्यं तोलून ठेवली होती. तो उभा राहिला आणि म्हणाला, “बदरोद्दीननं डिझेल मारलं न्हाई. माझी चूक झाली.”

भुजंग म्हणाला, “वा काका! मन लागतं याला.”

“खरंय,” दुसरा एक जण म्हणाला. “गरिबाच्या पोटावर पाय नको म्हून पदरात घेतलं त्याला. काटा हाय, पण काळीज लोण्याचं.”

“माफ केलं म्हना की,” अप्पाराव म्हणाला आणि त्यानं मल्हारीची पाठ थोपटली.

 मल्हारीच्या नावाला लोकांनी आणखी एक पदर लावला होता आणि बदरोद्दीन चोरच राहिला होता. माफ केलेला चोर. तो ओरडला, “माफ न्हाई केलं! म्या कोन माफ करनार! त्यानं मारलंच न्हाई!”

“बरं बरं, न्हाई मारलं,” अप्पाराव लहान मुलाला म्हणावं तसं म्हणाला.

“अप्पाराव, तुमी वीस वरीस ट्रक चालवला. माझी किल्ली घ्या. मी डबा जोडतो, बोर्ड बी चढवतो. टाकी फुल करा, चाळीस जा, चाळीस या. मी गाडीत बसनार बी न्हाई.”

लोकांना खेळ पाहिजेच होता. तासाभरात बोर्ड पुन्हा टपावर चढला. भर बाजारातून आपलं हातभर अक्षरांतलं नाव निघून गेलं तेव्हा मल्हारी खाली मान घालून टपरीच्या बाकावर बसला होता. दुपारी अप्पाराव परत आला. नळीवाल्यानं टाकी भरली. सगळे त्या आकड्याभोवती जमले. ऐंशी किलोमीटर, दहा लिटर.

“आठ?” अप्पाराव मीटरला खोटं पाडायला बघत होता. “आयला, समोरून वारं आलं का रेडा आडवा उभा राह्यल्यावानी होतं. दाबावं तितकं पितीय.”

“तुमी किती मारलं, अप्पाराव?” भुजंग म्हणाला आणि टपरी हसली. अप्पारावही हसला. मग हसणं विरलं, कारण सगळ्यांना एकदमच आठवलं, ही चेष्टा कुणाची आहे. बदरोद्दीननं नऊ काढले होते. अप्पाराव डोकं खाजवत म्हणाला, “त्याला माझ्याकडं धाडून द्या. सोमवारपासून.”

मल्हारीला वाटलं, झालं. उठावं. पण त्याचे पाय उठेनात. डिझेलचं तर नळीनं सांगितलं होतं. जे नळी सांगणार नव्हती ते राहिलंच होतं.

“आजून एक हाय,” तो म्हणाला. “त्या दिवशी म्या भंडाऱ्याचं बोल्लो.”

भुजंगनं एकाएकी ग्लास विसळायला घेतले. कुणीतरी म्हणालं, “जाऊ द्या काका, कुनाच्या ध्यानात हाय ते.”

“माझ्या हाय. तुमच्या बी हाय.” मल्हारी बाकावरून उठला. “म्या म्हनलो, तुझ्या देवाचा थोडाच हाय. त्यानं इमानानं उचलला. म्या बेइमानीनं उचलाया लावला. त्याच्या हातातून एक कण खाली पडला न्हाई. आजपून मला काटा म्हनू नगा. माझा हात खोटा हाय.”

 कुणी त्याच्याकडं पाहिलं नाही. माणूस नागवा झाला की लोक जसे दुसरीकडं बघतात तसे ते पंपाकडं बघत राहिले. मल्हारीनं चहाचा अर्धा ग्लास तसाच ठेवला आणि घरी आला.

आता घोंगडं घेताना गिऱ्हाईकानं वजन विचारलं तर मल्हारी हात पुढं करत नाही. “बाबा, तिकडं काट्यावर टाक,” म्हणतो. बाजारातली मोठी माणसं त्याला अजून काटाच म्हणतात, सवयीनं. तेव्हा तो ओ देत नाही. बोर्ड घराच्या मागं भिंतीला टेकून उभा आहे, त्याच्या आडोशाला जयवंताबाईच्या कोंबड्या बसतात. डबा अजून उंचच आहे. त्याची सगळी उंची उतरवायचं मल्हारीच्या मनात आलं होतं, तर ती म्हणाली, “माझ्या उंचीला हात लावू नगा. तुमचं ते फूटभर तेवढं कापा.” ते त्यानं कापून आणलं.

बदरोद्दीन परत आला नाही. अप्पारावचा ट्रक चालवतो. गल्लीत समोर आला की ‘काय दादा’ म्हणतो, मल्हारी ‘काय बदरू’ म्हणतो. आणि दोघं आपापल्या वाटेनं जातात. डॅशबोर्डच्या खणात भंडाऱ्याच्या पिशवीशेजारची जागा रिकामी आहे. तिथं मल्हारीनं काही ठेवलेलं नाही.

परवा जयवंताबाईला घेऊन जालन्याकडून येताना उशीर झाला होता आणि वारं तोंडावर होतं. मल्हारीनं गाडी दाबली. समोरून बदरोद्दीन चालवतो तो अप्पारावचा ट्रक येताना दिसला. जवळ आला तसा खिडकीतून एक हात बाहेर निघाला. पालथा पंजा दोनदा खाली-वर झाला, ड्रायव्हर लोक करतात तसा. हळू घे.

ट्रक निघून गेला. पुढं पोलीस असतील म्हणून ती खूण होती, की येणाऱ्या कुठल्याही गाडीला तो तशी करतो, की याच गाडीला केली, हे मल्हारीला कळलं नाही. त्यानं काट्याकडं पाहिलं. सत्तर. त्यानं पाय उचलला. पंचेचाळीसवर आल्यावर गाडीच्या छातीवरचा हात निघाला. मागून येणारे हॉर्न मारत पुढं जात राहिले.

“बैलगाडी हाकून राह्यले का?” जयवंताबाईनं विचारलं.

“हाव,” मल्हारी म्हणाला.